चूक आणि खोटे

दिवाळी आली की माणसे घर झाडतात. माळ्यावरची अडगळ खाली येते, आणि तिच्यातून एखादे जुने पत्र हाती लागले की झाडू तसाच बाजूला राहतो. मनाच्या माळ्याचेही तसेच आहे. माझ्या माळ्यावर 1986 साल एका कोपऱ्यात पडून होते. यंदा ते खाली निघाले. मी काढले नाही. पाच मुलांनी काढले, आणि त्यांतल्या तिघांना धड वाचताही येत नाही.

आमचे इस्लापूर किनवट तालुक्यातले. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला लांबलांबून माणसे येतात. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. इकडे कुणाच्या घरी गोंडी बोलतात, कुणाच्या घरी गोरमाटी, कुणाच्या घरी तेलुगू. शाळेतली मराठी ही कित्येक मुलांची दुसरी भाषा. तेव्हा अडखळणारे प्रत्येक मूल काही अक्षम नसते. आणि खरोखर अक्षमता असली तरी ती वाचण्याची असते, विचाराची असेलच असे नाही. हे शहाणपण मला नोकरीत असताना यायला हवे होते. ते आले निवृत्तीनंतर.

झाले असे, की शेजारच्या सूनबाई आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. "काका, याला जरा वाचायला शिकवा. बोलायला वकील आहे, पण पुस्तक उघडलं की मुका होतो." मुलाला वाचन अक्षमता आहे असे नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितले होते. मी चित्रांचे पुस्तक काढले आणि आंब्याखालच्या अक्षरांवर बोट ठेवले. मुलगा बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, याला आंबाच काहून म्हणायचं? तेलुगूत मामिडी म्हणतात. मग याचं खरं नाव कोणतं?"

मी चाळीस वर्षे आंबा शिकवला. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नाव वस्तूला चिकटलेले असते की माणसांनी ठरवलेले, यावर मोठमोठ्या पंडितांनी ग्रंथ लिहिले आहेत. हा पोरगा त्या वादाच्या उंबरठ्यावर उभा होता, आणि आम्ही त्याला 'आ'ला काना कुठे द्यायचा याच्यापुढे जाऊ देत नव्हतो!

पुण्यात प्राध्यापक असलेल्या माझ्या भाच्याला मी हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "मामा, याचं एक शास्त्रच आहे." अमेरिकेत मॅथ्यू लिपमन नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होऊन गेले. मुलांना विचार करायला शिकवावे म्हणून त्यांनी शाळकरी मुलांची एक कादंबरी लिहिली आणि 1974 साली माँटक्लेअर येथे त्यासाठी संस्था उभी केली. त्यांची रीत साधी. मुले गोल बसतात, गोष्ट वाचतात, आणि तीवर प्रश्न काढतात तेही मुलेच. मग सगळे मिळून त्यांतला एक प्रश्न तपासतात. शिक्षकाने उत्तर द्यायचे नाही, "कशावरून?" एवढेच विचारायचे.

पण "गोष्ट वाचतात" इथेच आमचे गाडे अडले. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करावे? मग आठवले, की आपल्याकडे गोष्ट आधी कानाने ऐकत, डोळ्यांचा नंबर मागून लागे. मी सांगायला लागलो. मुले वाढत वाढत पाच झाली. दोघे चांगले वाचणारे. तिसरा हा शेजारचा. चौथी तांड्यावरची मुलगी, तिचे आकडे उलटसुलट होतात. आणि पाचवा मुलगा सगळ्याच बाबतींत सावकाश, त्याला बौद्धिक अक्षमता आहे. कायद्यात ह्या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हतीच. 2016 च्या कायद्याने प्रकार एकवीस केले, तेव्हा तिला स्वतंत्र जागा मिळाली. आमच्या ओसरीवर मात्र पाचांना एकच सतरंजी.

नियम अनुभवाने ठरत गेले. करवंटी ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचे. आधीच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, मगच आपले. "मला पटत नाही" म्हणावे, पण पुढे "कारण" हवे. प्रश्न पाटीवर अक्षरांनी नव्हे, चित्राने काढायचा. आणि सावकाश मुलाच्या हाती करवंटी गेली की बाकीच्यांनी मनात वीस अंक मोजायचे. हा शेवटचा नियम सगळ्यांत अवघड, मुलांना नव्हे, मला. मास्तराला शांतता सोसत नाही. पण सतरापर्यंत गप्प असलेला तो मुलगा अठराव्या अंकाला असे काही बोले, की आमची अर्ध्या तासाची चर्चा तिथेच उभी राही.

श्रावणात मी त्यांना अष्टावक्राची गोष्ट सांगितली. महाभारतात वनपर्वात ती आहे. कहोड ऋषी रात्र रात्र वेदपठण करीत. पोटातले मूल म्हणाले, "बाबा, तुमचं चुकतंय." शिष्यांसमोर आपली चूक निघाली, याचा बापाला राग आला. त्याने शाप दिला आणि मूल आठ ठिकाणी वाकडे जन्मले. पुढे तोच मुलगा जनकाच्या दरबारी गेला. मूल म्हणून द्वारपालाने अडवला. पण वादात त्याने भल्या पंडिताला हरवले.

मला वाटले, मुले अष्टावक्राच्या विजयावर बोलतील. पाटीवर निघाला वेगळाच प्रश्न: एक उघडे तोंड आणि त्यावर फुली. शेजारच्याने अर्थ सांगितला. "चुकणं आणि खोटं बोलणं एकच का?"

तांड्यावरची मुलगी म्हणाली, "नाही. खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतं. चुकणाऱ्याला नसतं."

शेजारच्याने करवंटी घेतली. "मला पटत नाही, कारण मी दुसरीत धडा ऐकून ऐकून पाठ केला होता आणि वाचल्यासारखं म्हणायचो. मला खरं ठाऊक होतं. मग मी खोटारडा का?"

माझ्या छातीत काहीतरी लकाकले. मी म्हणालो, "अशाच एका मुलाची गोष्ट सांगतो."

1986 सालची गोष्ट. चौथीच्या वर्गात एक मुलगा धडा घडाघडा वाचत होता. गुरुजी खूश होऊन जवळ गेले. मुलाचे बोट ओळीवर फिरत होते. पण धडा पुढच्या पानावर गेला होता आणि पान उलटलेले नव्हते. गुरुजींनी त्याला सगळ्यांसमोर लबाड म्हटले आणि छडी मारली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

मुले गप्प. करवंटी सावकाश मुलाच्या हातात होती. आम्ही मोजत होतो. वीस झाले, तरी कुणी थांबले नाही. मग तो म्हणाला, "गुरुजीनं विचारलं काहून नाही?"

"काय विचारायचं होतं?"

"पान काहून नाही उलटलं."

मी सांगून टाकले, की तो गुरुजी मीच. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. तांड्यावरची मुलगी म्हणाली, "मग आता विचारा की."

तो मुलगा आज पन्नाशीला टेकला आहे. जवळच्याच गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. कोणत्या मोटारीला तारेचे किती वेढे, हे सगळे त्याच्या डोक्यात. इतकी वर्षे मी त्याच्या दुकानापुढून छत्री आडवी धरून जात होतो. त्या आठवड्यात आत गेलो आणि अडखळत सगळे बोललो. तो हात पुशीत हसला. "मला तर काही आठवत नाही, गुरुजी. बसा, चहा घ्या."

चहा झाला. मी उठलो. पायरी उतरताना तो मागून म्हणाला, "पान उलटायचं ध्यानातच राहिलं नाही बघा त्या दिवशी."

पुढच्या बैठकीत मी मुलांपुढे हाच प्रश्न ठेवला. 'आठवत नाही' म्हणाला, आणि आठवत तर होते. हे खोटे का? मुले भांडली. कुणी म्हणाले, खोटे ते खोटेच. कुणी म्हणाले, ते गुरुजींसाठी होते. शेवटी करवंटी सावकाश मुलाकडे गेली. आम्ही मोजू लागलो.

"चहा दिला ना त्यानं?" तो म्हणाला.

आमच्या नियमाप्रमाणे इथे मी "कशावरून?" असे विचारायला हवे होते. त्या दिवशी मला ते विचारता आले नाही.