आता काय वाचू?

अद्भुतकथेचा नाद लागलेल्या माणसाला पुस्तक संपल्याचे जितके दुःख होते, त्याहून अधिक दुःख त्याच गोडीचे दुसरे पुस्तक हाताशी नसल्याचे होते. घरात पंधरा वर्षांचा वाचक असेल, तर "आता काय वाचू?" हा प्रश्न आपण ऐकलाच असेल. त्याला वेळेवर उत्तर मिळाले नाही, तर वाचनाची आवडच सुटून जाण्याचा संभव असतो. म्हणून या प्रश्नाला क्षुल्लक समजू नये.

भाषांतर हा माझा व्यवसाय. परक्या भाषेतील मजकूर मराठीत आणताना त्याची गोडी नेमकी कोठे आहे, हे आधी शोधावे लागते. वाचकानेही तेच करावे. आपल्याला काय आवडले? भय, कोडे, विज्ञानातील शक्यता, की संपूर्ण निराळे जग? भय आवडले असेल तर नारायण धारपांकडे वळावे. विज्ञान आवडले असेल तर जयंत नारळीकरांकडे. नारळीकरांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठविली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने; आपलीच आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. पारितोषिक मिळाले ते कथेला, नावाला नव्हे. पुस्तक निवडताना आपणही हीच कसोटी लावावी.

दुसरा मार्ग कथेचे कूळ शोधण्याचा. दूरदर्शनवर १९९४ साली सुरू झालेली 'चंद्रकांता' मालिका अनेकांना आठवत असेल. तिचे मूळ देवकीनंदन खत्री यांची १८८८ सालची हिंदी कादंबरी. ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, असे सांगतात. तिच्यातील अय्यार आणि तिलिस्म मात्र उर्दू दास्तानांतून आले. 'तिलिस्म-ए-होशरुबा' लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून खंडशः बाहेर पडू लागली होती, आणि तिच्याही मागे अमीर हमजाची दास्तान उभी आहे. अकबर बादशहाने हिचीच चित्रे काढवून घेतली. एका पुस्तकाचा माग काढावा, तर अशी दोन-तीन हाती लागतात. वेताळाच्या गोष्टी आवडल्या असतील, तर अकराव्या शतकातील सोमदेवाचा 'कथासरित्सागर' उघडावा. तोही गुणाढ्याच्या लुप्त 'बृहत्कथे'वर आधारलेला. आणि गुणाढ्याचे नाते परंपरा पैठणच्या सातवाहनांशी जोडते.

तिसरा मार्ग शेजारधर्माचा आहे, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो विशेष सुलभ. कार्यालयातील एका बंगाली सहकाऱ्याकडून मला घनादाची ओळख झाली. प्रेमेंद्र मित्र यांनी १९४५ साली निर्माण केलेला हा गृहस्थ कोलकात्याच्या एका मेसमध्ये बसून मित्रांना अचाट थापा मारतो. पण त्या थापांत भूगोल आणि विज्ञान खरे असते! कोणत्याही यादीत हे नाव मला सापडले नसते. आपण इंदुरास असा, हैदराबादेस असा वा कोलकात्यास. शेजाऱ्याला एवढेच विचारावे, की लहानपणी कोणत्या पुस्तकाने आपली झोप उडविली होती? उत्तर देताना त्याचा चेहरा खुललेला दिसेल.

वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलाच्या हातातील अशा पुस्तकाला 'भाकडकथा' म्हणून बाजूला सारू नये. ते आपणही वाचावे. म्हणजे पुढचे पुस्तक सुचविणारे माणूस त्याला घरातच भेटेल.