परक्या हातीं दिलेला पडदा

आमचें बिऱ्हाड गिरगांवांतील एका जुन्या चाळींत आहे. चाळीचीं दारें दिवसभर उघडीं असावयाचीं आणि आंत आलेल्यास 'कां आलांत?' असें विचारावयाचें नाहीं, हा आमच्या लहानपणापासूनचा शिरस्ता. त्याची किंमत आम्हांस म्हातारपणीं मोजावी लागली.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्हीं कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचें काम अंगावर घेतलें. जुन्या टंकांत लिहिलेले शाखांचे तक्ते नव्या संगणकावर उघडले, तों पूर्वजांच्या नांवांच्या जागीं रोमन चिन्हांचा नुसता कचरा! आमचा पुतण्या लंडनास असतो. तो म्हणाला, "काका, पडद्यावरचा नऊ आंकडी क्रमांक मला सांगा आणि परवानगी मागितली कीं होकार द्या." आम्हीं दिला, आणि आमचा हात मांडीवर असतांना पडद्यावरील बाण आपोआप फिरूं लागला. शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या देहांत प्रवेश केल्याची आख्यायिका आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. अमरुक मात्र मृत होता. आम्ही जिवंत असून स्वस्थ बसलों होतों, हा भेद तेव्हां ध्यानांत आला नाहीं.

यांत मंत्रतंत्र कांहीं नाहीं. एका वाटेनें पडद्याचें चित्र पलीकडे जातें, दुसरीनें तिकडच्या बोटांच्या हालचाली इकडे येतात. डग्लस एंगेलबार्ट यांनीं ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरसभेंत, मेन्लो पार्क येथें बसलेल्या सहकाऱ्यासह एकाच पडद्यावर काम करून दाखविलें होतें. त्यानंतर ही विद्या गिरगांवांत आमच्या माजघरापर्यंत यावयास अर्धें शतक लागलें, इतकेंच.

पुढें सहा महिन्यांनीं, भर दुपारीं, एका गृहस्थाचा दूरध्वनि आला. बोलणें अदबीचें. बँकेंतील आमचीं ओळखपत्रें अपुरीं असून खातें संध्याकाळीं बंद पडणार होतें म्हणे. त्यानेंही मोबाइलवर ॲप उतरवून नऊ आंकडे सांगावयास लावले. पुतण्याची तीच रीत असल्यानें संशय यावयाचा तो उलट फिटलाच! शुल्क म्हणून दहा रुपये भरावयास सांगितले. आम्हीं कार्डाचा क्रमांक लिहिला. परवलीचा आंकडा मोबाइलवर आला, तो त्यानें आमच्याबरोबरच वाचला. आमच्या यंत्रास हात लावण्याची त्यास गरजच पडली नाहीं; नुसतें पाहणें पुरलें. अठरा हजार चारशें रुपये गेले. सूनबाईंनीं तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली, परंतु रक्कम हातीं लागली नाहीं.

अशा ॲपांच्या आडून होणाऱ्या चोरीबद्दल रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्येंच बँकांना सावध केलें होतें. आम्ही रोज दोन वर्तमानपत्रें वाचणारे, तरीही!

पैसा आमचा असता तर हळहळून गप्प बसलों असतों. तें खातें कुलवृत्तांताच्या निधीचें होतें. परळच्या एका विधवा काकूंनीं आपल्या निवृत्तिवेतनांतून दिलेले पांचशें रुपयेही त्यांतच. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुमच्या पेन्शनमधून भरून टाका. कोणास कळणार आहे?" भरले तर खरेच. पण हिशेबाची वही पुढें घेतली, आणि ज्या हातानें चाळीस वर्षें मुलांच्या खाडाखोडीवर लाल शाई ओढली, तो हात अडला. तीन रात्री झोंप आली नाहीं. शेवटीं जमेच्या बाजूस 'संपादकांच्या गाफीलपणामुळें गेलेली रक्कम, त्यांचेकडून भरपाई' अशी ओळ लिहिली. दादरच्या कुलसंमेलनांत ती आम्हीं स्वतः मोठ्यानें वाचली. सभागृहांत क्षणभर शांतता पसरली. मग मागून एक वृद्ध गृहस्थ उठले आणि म्हणाले, "माझे चाळीस हजार गेले. घरीं अजून सांगितलें नाहीं."

पुतण्या अजूनही रविवारीं तक्ते दुरुस्त करितो. बाण फिरूं लागला कीं आम्ही विचारतों, "हें काय दाबलेंस?" तो न कंटाळतां सांगतो. काम संपलें कीं जोडणी तोडावयाची ती मात्र आम्हींच, आमच्या बोटानें.