हिशेबात न धरलेले तास

दिवाळीच्या सुट्टीत ती सांगलीला घरी आली, तेव्हा पहिले दोन दिवस घरच्यांना ती नुसती दमलेली वाटली. तिसऱ्या दिवशी आजीने खाटेवरून पाणी मागितले. तिने पाणी दिले, उशी सरळ केली, सवयीने मनगट धरून नाडीही मोजली. पण या साऱ्यात एकदाही आजीच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. ‘अगं, मी कोण आहे तुझी?’ आजीने हसत विचारले. त्यावर तिला जे रडू कोसळले, ते बराच वेळ आवरेना.

हळदीची अडत असलेल्या त्या घरातून ती पुण्याला बी.एस्सी. नर्सिंगसाठी गेली होती, तीही हट्टाने. बारावीत असताना आजीच्या मांडीचे हाड मोडले होते. रुग्णालयातील एका सिस्टरने पंधरा दिवस केलेली शुश्रूषा पाहून तिने आपली वाट ठरवली होती. आता तिसऱ्या वर्षी तिला रुग्णांची नावेच आठवेनाशी झाली होती. उरले होते खाटांचे क्रमांक. एका सकाळी नऊ नंबरची खाट रिकामी दिसली. आदल्याच दिवशी तिथल्या बाईंनी तिला मुलाच्या लग्नाची हकिकत सांगितली होती. बाई गेल्याचे कळले तेव्हा तिच्या मनात आले ते एवढेच, की आज एक चार्ट कमी लिहावा लागेल. हा विचार तिला वैऱ्यासारखा छळत होता.

१९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांची अशीच अवस्था पाहून तिला ‘बर्नआउट’ म्हटले. मनापासून झटणारेच यात आधी सापडतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिची तीन लक्षणे सांगितली: भावना आटणे, समोरचा माणूस वस्तूसारखा भासणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. साधा थकवा चार दिवसांच्या झोपेने उतरतो. माणूस क्रमांक होऊन दिसू लागला, तर नुसती झोप पुरत नाही.

वडिलांनी उपदेश केला नाही. तो त्यांचा आधीच करून झाला होता. श्रावणात ती फोनवर रडली, तेव्हा समोर गिऱ्हाईक होते. ‘धंद्यातही पहिली वर्षे अशीच जातात’ म्हणून त्यांनी बोलणे आटोपले होते. आई रोज विचारी, ‘सूर्यास्ताआधी जेवलीस ना?’ ती हो म्हणे. संध्याकाळच्या ड्युटीला तर तिने दुपारपासून काही खाल्लेलेच नसे.

त्या रात्री वडिलांनी पेढीवरची एक जुनी वही काढली आणि तिच्याकडून दिवस मांडून घेतला. सकाळी सात ते दीड वॉर्ड, अडीच ते पाच वर्ग, मग केस स्टडी, केअर प्लॅन, जर्नल. रात्रपाळी सुटली तरी दहाला पुन्हा वर्ग.

‘वॉर्डात शिकवायला मॅडम किती वेळ असतात?’

‘आठवड्यातून दोनदा येतात.’

‘आणि एरवी?’

‘सिस्टर कमी असतात, बाबा. मग बेड लावायचे, नमुने लॅबला पोचवायचे, नातेवाइकांची बोलणी खायची.’

‘म्हणजे फीही आपणच भरायची आणि हमालीही आपणच करायची?’

‘ती हमाली नाही,’ ती म्हणाली. ‘पेशंटजवळ दोन मिनिटे बसायला मिळत नाही, याचेच वाईट वाटते.’

वडिलांचा प्रश्न मात्र अगदीच गैरलागू नव्हता. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिका शाळा सुरू झाली. तिथल्या मुलीही वॉर्डात राबूनच शिकत. पण त्यांची राहण्या-जेवणाची सोय होई आणि थोडे वेतनही मिळे. आज जिथे मनुष्यबळ अपुरे असते, तिथे राबणे तेवढे शिल्लक राहते आणि त्याला ‘अनुभव’ म्हणतात. पेढीवर उमेदवारी करणाऱ्या मुलालाही कुणीतरी शेजारी बसून जमाखर्च दाखवतो.

सुट्टी संपल्यावर वडील तिच्याबरोबर पुण्याला गेले. आणखी दोन पालकांना घेऊन प्राचार्यांना भेटले आणि एवढेच मागितले, की रात्रपाळीनंतरच्या सकाळी वर्ग नसावा. ‘पाहू’, असे उत्तर मिळाले. महाविद्यालयात समुपदेशक येतात, हेही त्यांना तेव्हाच कळले. तिचे नाव त्यांनी तिच्याच संमतीने तिथे नोंदवले.

आता रविवारी फोन येतो तेव्हा वडील दुकानाबाहेर येऊन उभे राहतात. गुणांची चौकशी होत नाही. ‘आठवडाभर किती झोपलीस?’ एवढे विचारून ते आकडा त्याच वहीत टिपून ठेवतात. गेल्या खेपेस वर्गाचे वेळापत्रक अजून बदलले नव्हते. वहीत मात्र पाचाच्या जागी सहा आले होते.