फ्लॅटवरचे दुसरे कर्ज

मुंबईच्या उपनगरांत स्वतःच्या घराच्या आधारावर आणखी पैसे उभे करण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत : चालू गृहकर्जावरचा टॉप-अप, मालमत्ता तारण कर्ज आणि घराच्या तारणावर मिळणारी ओव्हरड्राफ्टची मर्यादा. तिन्हींचा पाया एकच. घराच्या आजच्या किमतीतून शिल्लक कर्ज वजा केले की उरतो तो मालकाचा वाटा. अंधेरी-बोरिवलीत किंवा घाटकोपर-मुलुंडला पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या वन बीएचकेमध्ये हा वाटा बहुधा कुटुंबाच्या बाकीच्या साऱ्या बचतीपेक्षा मोठा असतो. मुलांचे परदेशातले शिक्षण, दुकानाचे भांडवल किंवा मोठे आजारपण समोर आले की सगळ्यांची नजर घराकडे वळते ती यामुळेच.

एकच घर दोन सावकारांकडे गहाण ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार दुसरे गहाण वैध असते, फक्त वसुलीत पहिल्या सावकाराचा हक्क आधी आणि दुसऱ्याचा नंतर. तरीही उपनगरांतल्या फ्लॅटवर दुसऱ्या बँकेचे गहाण क्वचितच दिसते. त्याचे कारण मुंबईतल्या गहाणाच्या पद्धतीत आहे. कलम ५८(फ) मध्ये कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी, आणि पुढे सरकारने अधिसूचित केलेल्या गावांसाठी, एक सोय दिलेली आहे : घराचे मूळ दस्तऐवज कर्जाचे तारण म्हणून सावकाराच्या ताब्यात दिले की गहाण पूर्ण होते, वेगळे गहाणखत करावे लागत नाही. बँका आजही मुख्यतः याच पद्धतीने घर तारण घेतात. मूळ करारनामा, आधीच्या मालकांच्या करारनाम्यांची साखळी आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट पहिल्या बँकेच्या तिजोरीत गेले की दुसऱ्या बँकेच्या हाती ठेवायला काही उरत नाही.

म्हणून इथे दुसऱ्या गहाणाची जागा टॉप-अपने घेतली. ज्या बँकेकडे कागद आहेत तीच त्याच तारणावर जास्तीची रक्कम देते. तिचा दर जास्त वाटला, तर नवी बँक जुने कर्ज फेडून कागद ताब्यात घेते आणि वरची रक्कमही देते. टॉप-अपचा दर बहुधा गृहकर्जापेक्षा थोडा चढा, पण वैयक्तिक कर्जापेक्षा बराच कमी असतो. हप्ते वेळेवर भरलेले असतील तर मंजुरी भराभर मिळते. धोका याच सहजतेत आहे. टॉप-अपचे पैसे कशासाठी वापरले जातात यावर पुरेशी देखरेख नसल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर चिंता व्यक्त केली होती. हे पैसे शेअर बाजारात घालण्याची कल्पना तर अजिबात मनात आणू नये. बाजार पडला तरी हप्त्याची तारीख पुढे जात नाही.

मालमत्ता तारण कर्ज बहुधा कर्जमुक्त घरावर घेतले जाते आणि व्यवसाय, शिक्षण, लग्न अशा कोणत्याही कायदेशीर कारणासाठी चालते. घर घेताना बँक किमतीच्या ७५ ते ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, तारण कर्जात मात्र ती साधारण ५० ते ६५ टक्क्यांवर थांबते. दर गृहकर्जाहून जास्त आणि मुदत बहुधा कमी. ३० लाख रुपये १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३२,२०० रुपये बसतो आणि एकूण व्याज जवळपास २८ लाख होते. तीच रक्कम १० वर्षांत फेडली तर हप्ता सुमारे ३९,६०० रुपये, पण व्याज साडेसतरा लाखांच्या आसपास. महिन्याला साडेसात हजार जास्त भरायची तयारी असेल, तर साडेदहा लाख वाचतात. मुदत ठरवताना हा हिशेब कागदावर मांडलाच पाहिजे.

ओव्हरड्राफ्टमध्ये बँक एक मर्यादा ठरवून देते. लागतील तेव्हा पैसे काढायचे, आले की भरायचे, आणि व्याज वापरलेल्या रकमेवर रोजच्या शिल्लकेनुसार. स्टेट बँकेचे मॅक्सगेन खाते याच तत्त्वावरचे गृहकर्ज आहे : जास्तीचे पैसे खात्यात ठेवले की तेवढ्यावरचे व्याज वाचते आणि गरज पडल्यास ते काढताही येतात. काही बँका दरमहा थोडी थोडी कमी होत जाणारी, म्हणजे ड्रॉपलाइन, मर्यादा देतात. महिन्यामहिन्याला कमी-जास्त कमाई असलेल्या दुकानदाराला किंवा कंत्राटदाराला ही रचना सोयीची. ठरावीक पगार असलेल्या आणि हाती आलेले पैसे लगेच खर्च करणाऱ्या घराला मात्र ती घातक, कारण मुद्दल फेडण्याची सक्ती नसेल तर मुद्दल तसेच राहते. मर्यादेवर कायमचा हक्कही नसतो. अमेरिकेत २००८ च्या सुमारास घरांच्या किमती कोसळल्यावर अनेक बँकांनी घरांवर दिलेल्या अशा मर्यादा गोठवल्या किंवा कमी केल्या.

अर्ज केल्यावर बँकेचा वकील मालकीचा शोध घेतो, मूल्यमापक घर पाहतो, आणि सोसायटीकडून ना हरकत पत्र मागवले जाते. बँकेचा बोजा सोसायटीच्या सभासद नोंदीत चढतो. मूळ कागद जमा करून झालेल्या गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१३ पासून कर्जदारावर आहे. शिवाय बँक तारणाची नोंद सरसाई या केंद्रीय नोंदवहीत करते. खोट्या किंवा दुबार कागदांवर एकाच फ्लॅटवर अनेक बँकांकडून कर्ज उचलण्याच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी ही नोंदवही २०११ मध्ये सुरू झाली. पागडीच्या खोलीत मालकी नसल्याने ती तारण होत नाही. म्हाडा वसाहतीतल्या घरासाठी मंडळाची परवानगी लागू शकते.

उपनगरांतली खरी अडचण इमारतीच्या वयाची आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या तीन-चार मजली इमारती आज पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. कर्जाची मुदत इमारतीच्या उरलेल्या आयुष्याहून जास्त असेल, तर बँक मुदत कापते किंवा अर्जच नाकारते. महापालिकेने सी-१, म्हणजे तातडीने रिकामी करण्याजोगी, ठरवलेल्या इमारतीतल्या घरावर कर्जाची आशाच नको. कर्ज चालू असताना पुनर्विकास ठरला तर गुंता वाढतो, कारण बँकेचे तारण असलेले घरच पाडले जाणार असते. अशा सभासदाने डेव्हलपरशी कायमस्वरूपी पर्यायी घराचा करार करण्यापूर्वी बँकेची लेखी संमती घ्यावी लागते, आणि नव्या घरावर तोच बोजा चढेल अशी हमी बँक मागते. डेव्हलपर भाडे देतो, हप्ता देत नाही. प्रकल्प रखडून भाडे थकले तर घरभाडे आणि हप्ता दोन्ही एकाच पगारातून जातात. ज्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत तिथे नवे तारण कर्ज घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

करसवलतीची अपेक्षाही बेताचीच ठेवावी. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी वापरलेल्या टॉप-अपच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, तीही पुरावे असतील तर.

हप्ते ९० दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते, आणि ती मुदत संपल्यावर दिवाणी दावा न लावता घराचा ताबा घेऊन लिलाव करण्याचा अधिकार बँकेला मिळतो. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी पूर्ण थकबाकी खर्चासह भरली तर घर वाचते. नोटीस कपाटात टाकून ठेवणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान होते. पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेत जाऊन पुनर्रचना मागणे कधीही बरे. व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जात घराचे सगळे सहमालक सह्या करतात. त्यामुळे धंदा एका भावाचा असला तरी घर सगळ्यांचे जाते. म्हणून किती कर्ज घ्यावे हे फ्लॅटच्या किमतीवरून नव्हे, घरात दरमहा येणाऱ्या पैशांवरून ठरवावे. किंमत कागदावर वाढते, हप्ता कमाईतूनच भरावा लागतो.

कर्ज फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत देणे आणि बोजा उतरवणे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केले आहे. विलंब बँकेचा असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. कागद हाती आले की यादीबरहुकूम तपासावेत, सरसाईतली नोंद बंद झाल्याची खात्री करावी, आणि बँकेचे नो ड्यूज पत्र देऊन सोसायटीच्या नोंदवहीतला बोजाही उतरवून घ्यावा.