बंदराचं घड्याळ आणि भरतीचं घड्याळ

मागच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी मी 38 पौंड वाचवायला गेलो आणि माझ्या 11 वर्षांच्या मुलीला दोन तास बादली धरून बसावं लागलं. लिहायला लाज वाटते. तरी लिहितो, कारण हा एकट्या माझ्या मूर्खपणाचा प्रश्न नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. 'याट' म्हटलं की आपल्या लोकांना शॅम्पेन आणि पांढऱ्या पँटी दिसतात. आमची होडी 27 फुटी आहे, वयाने जवळजवळ माझ्याएवढी. मी आणि ऑफिसातला एक मित्र, दोघांनी मिळून जुन्या गाडीच्या किमतीत घेतलेली. शिडं ठिगळ लावलेली, इंजिन मूडवर चालणारं. साउथॅम्प्टनच्या आसपास अशा हजारो होड्या आहेत. मालक कोण? रिटायर्ड शिक्षक, प्लंबर, नर्स. आमच्या शेजारच्या होडीवाले आजोबा आयुष्यभर बस चालवत होते.

आता हिशोब सांगतो. सोलेंटच्या पलीकडे आयल ऑफ वाइट, पश्चिमेला पूल, वेमथ. शनिवारी निघायचं, कुठल्या तरी छोट्या बंदरात रात्र काढायची, रविवारी परत, एवढीच आमची चैन. पाहुण्या होडीला तिथे एकतर पाण्यातला बोया मिळतो, नाहीतर पाँटूनवर जागा. भाडं होडीच्या लांबीवर. आमची होडी 8.2 मीटर, पण बिल 9 मीटरचं, कारण आकडा वरच्या मीटरवर नेतात. दोन पोटांची कॅटामरान असेल तर बऱ्याच ठिकाणी दीडपट. वीज वेगळी. बोया मिळाला तर किनाऱ्यावर जायला वॉटर टॅक्सीचं माणशी भाडं वेगळं. दुपारी दोन तास जेवायला थांबलात तरी 'शॉर्ट स्टे'. सगळ्यावर 20 टक्के व्हॅट.

पावत्या जपून ठेवायची सवय मला वडिलांकडून लागली. एका बंदराच्या 2016 च्या पावतीवर 24 पौंड आहेत. मागच्या उन्हाळ्यात तीच होडी, तेच पाँटून, तोच खडखडणारा नळ, 38 पौंड. महागाई धरूनही हा आकडा बसत नाही.

तर त्या रविवारी झालं असं. आम्ही पश्चिमेकडच्या एका बंदरात दोन रात्री होतो. नियम होता, दुपारी 12 च्या आत जागा सोडा, नाहीतर आणखी एका रात्रीचे पैसे. इथे सोलेंटची गंमत समजून घ्या. नीडल्सच्या पांढऱ्या सुळक्यांपासून आत येताना हर्स्ट किल्ल्यापाशी वाट अरुंद होते आणि पाणी तिथून 4 नॉटने धावतं. आपल्या बाजूने धावत असेल तर मजा. उलट असेल तर 5 नॉटने चालणारी होडी जमिनीच्या हिशोबाने 1 नॉटने सरकते. त्या दिवशी प्रवाह दुपारी 1 नंतर उलटा होणार होता आणि संध्याकाळी साडेसहानंतर पुन्हा आमच्या बाजूने. वारा नैर्ऋत्येचा, वाढत जाणारा. शहाणा माणूस चारपर्यंत चहा पीत बसला असता आणि मग निघाला असता.

मी पावणेबाराला दोर सोडले.

तीनच्या सुमाराला नीडल्सजवळ पोचलो. वारा पाठीमागून, पाणी समोरून. अशा वेळी लाटा उंच होण्यापेक्षा उभ्या होतात, भिंतीसारख्या, एकीला लागून एक. डाव्या हाताला शिंगल्स नावाचा गोट्यांचा उथळ बांध, त्यावर पाणी फुटत होतं. सुकाणू सोडून मुलीपर्यंत जाता येत नव्हतं. ती ओकत होती आणि मधेच विचारत होती, "बाबा, किल्ला तेवढाच का दिसतोय?" कारण किल्ला खरंच तेवढाच होता. आम्ही जवळजवळ जागेवरच नाचत होतो.

शेवटी आत आलो. घरापर्यंत जायची कुणात ताकद नव्हती, म्हणून लागलं ते पहिलं बंदर गाठलं. तिथल्या मुलाने हसतमुखाने दोर पकडले आणि मशीन पुढे केलं. वाचवलेले 38 तिथे गेले, वर 3 पौंड जास्तच.

चूक माझी. कप्तान मी होतो. पण बंदराचं काम पैसे घ्यायचं आहे तसंच आसरा द्यायचंही आहे. माणूस हवामान आणि भरती सोडून काउंटरवरचं घड्याळ बघून निघायला लागला, तर कुठेतरी गडबड झाली आहे. शेजारच्या आजोबांनी यंदा होडी विकायला काढली. मला म्हणाले, "समुद्र परवडतो, रात्र परवडत नाही."

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही. यातली बरीच बंदरं ट्रस्टची आहेत. त्यांना शेअरहोल्डर नाहीत, उरलेला पैसा बंदरातच घालायचा असतो. गाळ दरवर्षी येतो, तो काढायला ड्रेजर लागतो. लाकडी खांबांना समुद्रकिडा लागतो. रात्री दोनला रेडिओवर उत्तर देणाऱ्या माणसाला पगार लागतो. शेवाळं खरवडायलासुद्धा कुणीतरी लागतं.

मग फुकट नांगर का टाकत नाही? टाकतो की. भरती-ओहोटीच्या पाण्यात नौकानयनाचा हक्क इथे सर्वांचा आहे आणि प्रवासात तात्पुरता नांगर टाकणं त्यात येतं. कायमचा बोया मात्र स्वतःच्या मर्जीने टाकता येत नाही, कारण समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणी क्राउन इस्टेटचा. त्यातही आडोशाच्या जागा मोजक्या. स्टडलंड बे हा आमचा हक्काचा आडोसा. तिथे समुद्रगवत आहे, त्यात समुद्रघोडे राहतात आणि नांगर ते गवत मुळासकट उपटतो. म्हणून डिसेंबर 2021 पासून तिथल्या एका पट्ट्यात स्वेच्छेने नांगर न टाकण्याची विनंती आहे. मी ती पाळतो. पटलेलं आहे. पण फुकटचा एकेक आडोसा असा कमी होत जातो, हेही खरं.

मी रेवदंड्याकडचा. आजोबांची होडी खाडीत बांधलेली असायची, पावतीबिवती काही नाही. पण ओहोटीला ती चिखलात बसायची. गाळ काढायला कुणी येत नसे आणि धक्क्याचे दगड सुटत चाललेले. फुकटाचीही किंमत असते, ती मी लहानपणी पाहिली आहे. त्यामुळे 'सगळं फुकट द्या' असं मी म्हणणार नाही. पण आजोबा निघायचे ते पाण्याला विचारून, कुणाच्या काउंटरला विचारून नाही. तेवढं तरी राहू द्या.

माझं मागणं साधं आहे.

एक, निघायची वेळ 12 ची न ठेवता पुढच्या अनुकूल प्रवाहाची ठेवा. तक्ते बंदराच्याच ऑफिसात टांगलेले असतात.
दोन, 8.2 मीटरचे पैसे 8.2 चे घ्या.
तीन, आठवड्याच्या मधल्या दिवशी पाँटून रिकामं असतं. छोट्या होड्यांना तेव्हा कमी दर द्या. त्या आल्या तर गावातला कॅफे, चिप्सचं दुकान, पब चालेल. आम्ही हल्ली जेवणाचे डबे घरून नेतो, कारण जेवणाचे पैसे जागेतच जातात.
चार, दर वाढवताना गाळाला किती, पगाराला किती, ऑफिसच्या नव्या काचांना किती, हे साध्या पानावर लावा.

ट्रस्ट बंदरांच्या वार्षिक खुल्या बैठका होतात. मी आजवर एकदाही गेलो नव्हतो. नुसता पाँटूनवर बसून कुरकुर करायचो. यंदा जाणार आहे, दोन्ही पावत्या घेऊन. आपल्या मंडळातले जे चार-पाच जण होडीवर येतात, त्यांनीही यावं. होडी नसली तरी या. बेटावर तुमचं हॉटेल किंवा दुकान असेल तर हा प्रश्न तुमचाही आहे.

मुलगी पुढच्या महिन्यात पुन्हा होडीवर यायला तयार झाली आहे. तिची अट एकच, निघायची वेळ ती ठरवणार. भरतीचा तक्ता तिने फ्रिजवर लावून ठेवलाय.