भीमेच्या फुगवट्यावर एक जुनें इंजिन

दौंड हें नांव ऐकतांच बहुतेक प्रवाशांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें तें जंक्शन, मनमाडकडे फुटणारा फांटा आणि गाडी बदलण्याची घाई. गांवाला लागूनच भीमा वाहते ह्याची आठवण थोड्यांसच असते. पुण्याची मुळामुठा वरच्या अंगास रांजणगांव सांडस येथें तिला मिळते, शिरूरची घोड नदीही तिच्यांतच येऊन पडते. आणि दौंडच्या खालीं कांहीं अंतर गेलें कीं ही नदी नदीच राहत नाहीं. सन १९८० मध्यें पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा थेट दौंड तालुक्यांत शिरला आहे. जेथें शेतें व गांवठाणें होतीं तेथें आतां पाणी आहे. अलीकडे इंदापूर, पलीकडे करमाळा, आणि मध्यें होड्या.

ह्या होड्यांवर पुष्कळ घरें चालतात. एरवीं मासेमारी, आणि हिवाळ्यांत रोहित पक्षी पाहावयास येणारीं शहरचीं कुटुंबें. गेल्या पौषांत आम्ही मुलानातवंडांसह भिगवणजवळ कुंभारगांवीं गेलों, तेव्हां आमच्या नावाड्याची होडी कांठाशीं बांधलेली होती व तो स्वतः चिंतेंत बसला होता. होडीच्या मागच्या फळीस पकडीनें अडकवावयाचें, खालीं पाण्यांत पंखा असलेलें असें तें जुनें पेट्रोलचें इंजिन. असलीं इंजिनें मूळच्या नॉर्वेच्या ओले एव्हिन्रूड ह्या कारागिरानें अमेरिकेंत सन १९०९ पासून विकावयास काढलीं व तेथून तीं जगभर पसरलीं.

"गुरुजी, दोनदां प्लग बदलला. काठावर नीट चालतंय, आत गेलं की दहा मिनिटांत बंद," नावाडी म्हणाला. हंगाम दोनतीन महिन्यांचा. नवें इंजिन म्हणजे कर्ज. शिवाय भरपाण्यांत इंजिन थांबणें ही नुसती गैरसोय नव्हे. सन २०२४ च्या मे महिन्यांत कुगांवहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यांत उलटून सहा जीव गेले. तेथें घात वाऱ्यानें केला. परंतु वारा सुटला असतां जिचा जोर गेला ती होडी लाटांना आडवी होते, हें येथील पोरेंही जाणतात.

दौंडहून एक वृद्ध मिस्त्री आले होते; उभा जन्म रेल्वेंत गेलेला. त्यांनीं पाना हातीं घेतला नाहीं. इंजिनाचा खालचा भाग पाण्यानें भरलेल्या पिंपांत बुडवून तें सुरू केलें. कोरडें चालवलें तर थंडाव्याचें पाणी ओढणारी आंतली रबरी चक्री जळते. कडेनें पाण्याची बारीक धार उडूं लागली तशी ते म्हणाले, "थंडावा ठीक आहे. आता ह्याला मरूं द्या, मग बघू कशानं मेलं."

इंजिन मेलें. तत्क्षणीं त्यांनीं प्लग काढला; तो कोरडा होता. ओला निघता तर पेट्रोल पोंचतें पण ठिणगी नाहीं असें ठरतें. कोरडा, अर्थात् पेट्रोलच पोंचत नाहीं. दोनदां प्लग बदलल्याचा खर्च व्यर्थ गेल्याचें त्या एका पाहण्यानें सिद्ध झालें. टाकीच्या झांकणावरचा हवेचा स्क्रू मोकळा होता. मग दुसऱ्या होडीची टाकी नळीसकट जोडली. इंजिन तरीही मेलें, म्हणजे टाकी व नळी निर्दोष. पुढच्या खेपेस मरूं लागतांच नळीवरचा रबरी फुगा हातानें दाबून पाहिला; तरी तें सांवरलें नाहीं, म्हणजे पंपही सुटला. उरला कार्बोरेटर. आम्हीं पाठशाळेंत अन्वय आणि व्यतिरेक घोकले होते, एकाच्या असण्यानें दुसरें असतें व नसण्यानें नसतें. परंतु इतका निर्मळ प्रयोग आमच्या गुरुजींनींही कधीं दाखविला नव्हता!

कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाशीं पाण्याचे थेंब वेगळे दिसत होते, आणि बारीक भोंकांत मधासारखा चिकटा बसला होता. पेट्रोल पावसाळाभर आंत राहिलें कीं हा चिकटा धरतो. पाण्याची गोष्ट मात्र गमतीची आहे. हल्लींच्या पेट्रोलांत सुमारें वीस टक्के इथेनॉल असतें. तें हवेंतली ओल शोषून घेतें, आणि ओल फार झाली कीं पाण्यासह खालीं बसतें. इथेनॉल उसापासूनही येतें, आणि ऊस उभा आहे तो ह्याच भीमेच्या पाण्यावर. नदीनें आपलें पाणी असें आडवाटेनें परत आणलें म्हणावयाचें!

मिस्त्रींनीं तांब्याच्या बारीक तारेनें भोंकें हलक्या हातानें मोकळीं केलीं, जुनें पेट्रोल ओतून टाकलें, ताज्या लिटरास वीस मिलिलिटर ह्या प्रमाणांत तेल मिसळलें. पंख्याच्या दांड्याला जाळ्याचा नायलॉनचा धागा गुंडाळला होता, तोही जातांजातां कापून काढला. तो आणखी आंत शिरता तर तेलाची सील फाटून गिअरमध्यें पाणी गेलें असतें. पिंपांत अर्धा तास इंजिन चाललें, मग होडीवर तितकाच वेळ. मजुरी त्यांनीं फारच थोडी घेतली आणि बजावलें कीं हंगाम संपतांच वाटी रिकामी करून ठेवावी.

तिसऱ्या प्रहरीं आम्ही निघालों. नातवंडांच्या अंगांत जाकिटें घालून घेतल्याखेरीज नावाड्यानें होडी सोडली नाहीं, आणि वल्हीं व बांबूही बरोबर घेतला. पाऊण तास इंजिन एका सुरांत चाललें. दूर उथळ पाण्यांत गुलाबी रेघ दिसूं लागली, तेव्हां त्यानें स्वतःच तें बंद केलें, कारण आवाजानें पक्षी उठतात. पुढचें अंतर त्यानें बांबूनें रेटलें.