मोत्याची थाळी, यांचे ताट

आमच्या पाचूबंदरात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोंबील वाळवण्याचे बांबू ओस पडतात आणि एरवी मासळीच्या उरल्यासुरल्यावर जगणारी मांजरे आमच्या पडवीत येऊन बसतात.

माझ्या यजमानांची स्मृती मंदावत चालली आहे. स्वतः जेवलो की नाही, हे त्यांना आठवत नाही. मोत्याची थाळी मांडण्याची वेळ मात्र कधी चुकत नाही. म्हणून मी यांचेही ताट तेव्हाच वाढते. हा वैद्यकीय उपाय नव्हे, घरातली युक्ती आहे.

गेल्या पावसाळ्यात यांच्या मनगटावर ओरखडा दिसला. मोत्याने की मांजरीने, यांना सांगता येईना. मी हळद लावून गप्प राहिले. चूक माझीच. आपण तसे करू नका: जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, रेबीजच्या लशीचे सांगितलेले सर्व डोस पुरे करावेत. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. ती रात्र मी जागून काढली.

आता संध्याकाळी मोत्याच्या गोचिडी काढताना यांचेही हातपाय उजेडात पाहून घेते. एक पंजा पुढे करतो, दुसरे हात.